फूड प्रोसेसर घ्यायचा की मिक्सर आणि ब्लेंडर वेगळे? आधी ओटा मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरात पाच माणसं, रोज पोळ्या, दिवसाआड ओल्या खोबऱ्याचं वाटण, महिन्यातून दोनदा इडली, सणाला पुरण आणि मोदक, मुलाला जिमवरून आला की स्मूदी लागते, आणि जुना मिक्सर आता दमलाय. तर 1000 वॅटचा सगळं एकात असलेला फूड प्रोसेसर घ्यावा की साधा मिक्सर घेऊन वर वेगळा ब्लेंडर घ्यावा, शिवाय न्यू जर्सीतल्या बहिणीला इथूनच एक घेऊन पाठवावा का. मी बरीच वर्षं मिक्सर-फूड प्रोसेसरचे घरोघरी जाऊन डेमो देते, आणि दुरुस्तीला काय काय येतं तेही सर्व्हिस काउंटरवर बसून बघितलंय, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

पहिलं म्हणजे दुकानात जायच्या आधी ओटा मोजा. खरंच टेप घेऊन मोजा. फूड प्रोसेसर ही मोठी वस्तू आहे, वरचं भांडं आणि झाकणावरचा तो भाजी ढकलायचा नळ धरला तर उंची बरीच होते आणि कित्येक घरात वरच्या कपाटाखाली तो मावतच नाही, मग तो बाजूला काढून ठेवतात, मग माळ्यावर जातो आणि एकदा माळ्यावर गेला की गणपती-दिवाळीलाच खाली येतो. मी डेमोनंतर वर्षभराने ज्या घरात परत जाते तिथे एकच गोष्ट दिसते, जे मशीन ओट्यावर, प्लगच्या जवळ, वर कव्हर न घालता, लगेच वापरता येईल असं ठेवलंय तेच रोज वापरलं जातं. किती फंक्शन आहेत याने काही फरक पडत नाही. सॉकेट गॅसच्या मागे असेल आणि प्रत्येक वेळी वायर ओढून घ्यायला लागत असेल तर त्याचीही सोय आधी करा. 750 किंवा 1000 वॅटच्या मशीनला साधा 6 अँपिअरचा सॉकेट पुरतो, पण तो ढिला, काळवंडलेला नको, आणि त्याच बोर्डावर मल्टीप्लग लावून केटल आणि मिक्सर एकत्र चालवू नका.

आता मिक्सर आणि प्रोसेसर यात नक्की फरक काय ते नीट समजून घेतलं की अर्धा निर्णय होतो. मिक्सरचं भांडं अरुंद, पातं तळाशी, आणि वेग प्रचंड, रिकामं फिरताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या. बारीक वाटायला हेच लागतं, खोबरं, भिजवलेले तांदूळ, सुका मसाला. प्रोसेसरचं भांडं रुंद, आणि त्यात पातं किंवा चकती बरीच हळू फिरते कारण मधे वेग कमी करायची यंत्रणा असते, म्हणून त्यात पीठ मळलं जातं, भाजी चिरली जाते, किसली जाते, पण त्यात तुम्ही चटणी वाटायला गेलात तर ती कडेला उडून बसणार आणि भरडच राहणार. आणि काचेचा उंच ब्लेंडर हा तिसराच प्रकार, त्याला भरपूर पातळ पदार्थ लागतो तरच आतलं फिरतं, दाट वाटण त्यात अडकून बसतं. आपल्याकडच्या स्वयंपाकाला या बाहेरच्या ब्लेंडरचा उपयोग कमी पडायचा म्हणूनच तर इथे वेगळा मिक्सर तयार झाला, 1963 साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरने कंपनी काढली आणि त्यातून सुमीत मिक्सर आला, आपल्या आई-आजीच्या पाट्यावरचं काम त्याने केलं. आजही दाट वाटण, सुकं खोबरं, खडा मसाला असलं जड काम करणारं मशीन हवं असेल तर भारतीय पद्धतीचं स्टीलच्या भांड्यांचं मशीनच घ्यायचं.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर सरळ आहे. ओट्यावर जागा असेल तर 750 ते 1000 वॅटचा असा फूड प्रोसेसर घ्या ज्याच्यासोबत तीन स्टीलची मिक्सरची भांडी येतात, आणि वेगळ्या ब्लेंडरऐवजी एक साधा हँड ब्लेंडर, म्हणजे हातात धरून थेट पातेल्यात फिरवायचा, घ्या. जागा नसेल तर प्रोसेसरचा विचार सोडा, चांगला 750 वॅटचा मिक्सर घ्या, कणीक हाताने मळा. दोन्हीच्या मधलं काही घेऊ नका, म्हणजे मिक्सरवर बसणारं ते छोटं प्लास्टिकचं चॉपर भांडं वगैरे, त्यात पाच माणसांची कणीक होत नाही.

वॅटबद्दल लोक फार बोलतात. वॅट म्हणजे मशीन वीज किती घेतं ते, काम किती चांगलं होतं ते पात्यावर आणि भांड्याच्या आकारावर ठरतं. दोन माणसांच्या घरात चटणी-वाटणाला 500 सुद्धा चालतो. तुम्हाला जास्त हवा तो कणकेसाठी. कणीक मळणं हे मोटरला सगळ्यात जड काम आहे, आणि कारण असं की मोटर थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो, वेग कमी आणि ओझं जास्त म्हणजे मोटर वीज जास्त ओढते आणि पंखा मात्र हळू फिरतो, त्यामुळे गरम पटकन होते. विजेच्या बिलाची काळजी करू नका, 750 वॅटचं मशीन दिवसात दहा मिनिटं चाललं तर एक युनिटच्या आठव्या भागाएवढी वीज जाते.

कणकेचं नीट सांगते कारण प्रोसेसर घेतलेले निम्मे लोक कणीक एकदोनदा बिघडली म्हणून तो बंद करून ठेवतात. मळायचं पातं लावा, बहुतेक मशीनला ते प्लास्टिकचं असतं, काहींना बोथट स्टीलचं. कोरडं पीठ, मीठ, चमचाभर तेल आत घाला, झाकण लावा आणि सगळ्यात कमी वेगावर चालू करा, मग वरच्या नळातून पाणी हळूहळू धार लावून ओता, सगळं एकदम नाही. पाव किलो गव्हाच्या पिठाला साधारण दीडशे मिली पाणी लागतं, गिरणीच्या ताज्या पिठाला थोडं जास्त, तेव्हा शेवटचं दोन-तीन चमचे पाणी बघून घाला. आधी रव्यासारखं दिसेल, मग गोळे होतील, मग सगळं मिळून एक गोळा पात्याभोवती फिरायला लागेल आणि भांड्याची कड साफ दिसेल, की लगेच बंद. एवढं सगळं मिनिटभरात होतं. अजून मऊ होईल म्हणून दोन-तीन मिनिटं फिरवत राहिलात तर कणीक गरम होते, चिकट होते आणि पोळ्या वातड होतात. बाहेर काढा, तेलाचा हात लावून परातीत दोनदा दाबा, वीस मिनिटं झाकून ठेवा. आणि भांड्यावर लिहिलेल्या क्षमतेइतकं पीठ कधीच घालू नका, पाच माणसांची कणीक दोन वेळा करून घ्या, मोटर वाचते. पुरणपोळीची सैल, ताणली जाणारी कणीक मशीनमध्ये फक्त एकत्र करायची, तिंबायची मात्र हातानेच तेल-पाणी लावून, ती लवचिकता मशीनमध्ये येत नाही.

पुरण. लोक इथे घोळ करतात. गुळासोबत शिजवलेलं पुरण गार झाल्यावर मिक्सरला लावतात, ते आवळून येतं, पात्याखाली अडकतं, मोटर घरघरते आणि ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. त्यापेक्षा डाळ शिजल्यावर कट पूर्ण निथळून घ्या, डाळ कोमट असतानाच प्रोसेसरच्या मोठ्या भांड्यात स्टीलच्या पात्याने थांबून थांबून फिरवा, अर्ध्या मिनिटात लोण्यासारखी होते, आणि मग गूळ घालून आटवा. मला स्वतःला पुरणयंत्रातलंच पुरण आवडतं, त्यात गाठ राहतच नाही आणि डाळीचा कण शिल्लक राहिला तर तो वर राहतो, पण दोन किलोचा घाट असेल तर प्रोसेसर हात वाचवतो हे खरं. श्रीखंडाला मात्र पात्याजवळ जाऊ नका, चक्का पात्याने पातळ होतो, तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीतूनच काढा.

मोदकाची उकड तर यात फार सुंदर मळली जाते, दरवेळी डेमोत बायका हे बघून खूश होतात. उकड झाकून वाफवली की भांड्यात घालून झाकण न लावता दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या, चमचाभर तूप घाला, मळायच्या पात्याने तीसएक सेकंद थांबून थांबून फिरवा, घट्ट वाटली तर कोमट पाण्याचा हबका. हात भाजत नाहीत आणि पारी चिरत नाही. भांडं प्लास्टिकचं आहे हे लक्षात ठेवा, गॅसवरून उतरवलेलं फसफसतं काही त्यात थेट ओतायचं नाही.

वाटणाला प्रोसेसर विसरा, छोटं चटणीचं भांडं घ्या. तीनशे-चारशे मिलीचं हे भांडं हाच घरातला खरा कामाचा गडी आहे, तेव्हा दुकानात सगळ्यात आधी हेच उघडून बघा, पातं तळाच्या किती जवळ आहे, कारण वर असेल तर चार पाकळ्या लसूण त्याच्याखाली नुसती पडून राहते. ओलं खोबरं आधी पाणी न घालता फिरवा, मग मिरची-आलं-लसूण, मग चमच्या-चमच्याने पाणी. भाजलेला कांदा-खोबरं असेल तर पूर्ण गार होऊ द्या, आणि सुकं खोबरं, खसखस, तीळ आधी कोरडंच बारीक करा, कांदा नंतर, नाहीतर कांद्याच्या रसात खोबरं गुळगुळीत फिरत राहतं आणि बारीक होतच नाही. शेंगदाण्याच्या कुटाला दाणे गार पाहिजेत आणि फक्त पल्स, म्हणजे ते उलटं फिरवून सोडायचं बटण, झटके द्यायचे, सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. पिठीसाखर थोडी थोडी करा, जास्त फिरवली की गरम होऊन गाठी होतात. ठेचा मात्र मी सांगेन खलबत्त्यात किंवा तव्यावरच रगडा, मशीनमध्ये त्याची चटणी होते.

इडलीचं पीठ महिन्यातून दोनदा करताय तर वेगळा वेट ग्राइंडर नको, मोठ्या भांड्यात होतं. अट एकच, पाणी बर्फाचं गार घ्या, कारण जोरात फिरणारं पातं पीठ गरम करतं आणि मग आंबवणं बिघडतं. उडीद डाळ वेगळी, एका वेळी अर्धंच भांडं, मधे थांबून. आठवड्याला दोन-तीनदा इडली-डोसे होणारं घर असेल तर मात्र दगडाच्या ग्राइंडरला पर्याय नाही, त्यातली डाळ जशी फुलते तशी मिक्सरमध्ये फुलत नाही.

चिरणं-किसणं हे प्रोसेसरचं असं काम आहे की एकदा सवय लागली की सुटत नाही. गाजर हलव्याला दोन किलो गाजर काही मिनिटांत, आणि गाजर नळात आडवं ठेवलं तर किस लांब येतो, उभं ठेवलं तर आखूड, हे फार कमी जणींना माहीत असतं. भज्यांना कांदा चकतीने कापा, पात्याने नाही, पात्याने त्याला पाणी सुटतं. कांदा बारीकच हवा असेल तर चार फोडी करून चार-पाच झटके बस्स. भाजी आत ढकलायला सोबत दिलेला दट्ट्याच वापरायचा, बोट, चमचा, लाटणं काही नाही, आणि ती चकती धुताना पकडायची ती मधल्या दांड्याला धरून, कडेला नाही. दुरुस्तीपेक्षा हात कापल्याच्या तक्रारी मी जास्त ऐकल्यात आणि त्या जवळजवळ सगळ्या धुतानाच्या आहेत.

साय साठवत असाल तर लोणी पण यात निघतं, साय फ्रिजमधली गार, गार पाणी घालून कमी वेग, ताक खाली आणि लोणी वर.

आता स्मूदी. केळं-दूध, आंबा, चिकू यांना मिक्सरचं मोठं भांडं किंवा हँड ब्लेंडर भरपूर झाला. मुलगा पालक, खजूर, गोठवलेली फळं, बर्फ घालणार असेल तर खजूर अर्धा तास भिजवा, फळ दहा मिनिटं बाहेर ठेवा, बर्फ ठेचून घाला, कारण साधं पातं आख्खे बर्फाचे खडे फोडायला बनवलेलं नसतं, धार जाते आणि प्लास्टिकच्या भांड्याला तडा जातो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, गरम टोमॅटो सार, सूप, शिजवलेला पालक बंद झाकणाच्या मिक्सरमध्ये लावू नका. पातं फिरलं की एकदम वाफ होते, झाकण उडतं आणि उकळतं सूप चेहऱ्यावर येतं, असे भाजलेले हात मी बघितलेत. एक तर गार करा, नाहीतर पातेल्यातच हँड ब्लेंडर फिरवा, त्याचं तोंड पूर्ण बुडालेलं ठेवून. पातळ भाजी, सार, ताक, वरण या सगळ्याला हँड ब्लेंडर इतका सोयीचा आहे की वेगळ्या ब्लेंडरचे पैसे वाचवून हाच घ्या असं मी सगळ्यांना सांगते.

हळकुंड, आख्खी सुंठ, खडा हिंग, गुळाची ढेप हे मिक्सरला लावू नका, आधी खलबत्त्यात फोडा. चकलीची भाजणी, वर्षाचा मसाला गिरणीवरच द्या. मशीनच्या पुस्तकात तीस मिनिटं रेटिंग लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सलग तीस मिनिटं नव्हे, पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबायचं असं धरून. घरात एका वेळी सलग दोन-तीन मिनिटांवर जाऊच नका.

बंद पडला तर घाबरायचं नाही. प्लग काढा, भांड्यातलं थोडं काढून घ्या, पाच-दहा मिनिटं थांबा, खाली तळाला लाल बटण असतं ते दाबा. बटण वारंवार उडतंय म्हणजे तुम्ही जास्त भरताय. प्रोसेसरच्या बाबतीत आधी झाकण नीट बसून खटका लागलाय का बघा, कारण खटका लागल्याशिवाय तो चालूच होत नाही, आणि बंद पडला म्हणून सर्व्हिसला आलेले कितीतरी यातलेच निघतात. आवाज येतो पण पातं फिरत नाही म्हणजे कपलर, म्हणजे मोटरला भांड्याच्या पात्याशी जोडणारा तो तुकडा, गेला. तो मुद्दामच मऊ केलेला असतो, भांडं जाम झालं तर मोटर जळायच्या ऐवजी तो तुटावा म्हणून, स्वस्त असतो, घरात एक जादा ठेवा. भांड्याखाली काळं पाणी दिसायला लागलं की आतला बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलाय, ते तसंच वापरत राहू नका, ते पाणी मोटरमध्ये उतरतं. आणि आवाज कमी व्हावा म्हणून मशीनखाली घडी केलेला टॉवेल ठेवायची सवय मोडा, खालच्या फटींतून हवा आत जाते, टॉवेलने ती बंद होते आणि मोटर भाजते. नवीन मशीनला पहिल्या काही वेळा थोडा जळका वास येतो तो वार्निशचा, धूर नसेल तर काळजी नाही.

धुवायचं म्हणजे काम झाल्या झाल्या कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, वीस सेकंद फिरवायचं आणि उपडं ठेवायचं. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं की बुशमध्ये पाणी जाऊन गंजतो. झाकणाचं वायसर, म्हणजे ते रबरी कडं, काढून धुवा, वास तिथेच बसतो. हळदीचा पिवळेपणा प्लास्टिकवरून जात नसेल तर धुतलेलं भांडं उन्हात ठेवा, फिकट होतं. खडे मीठ फिरवून धार येते म्हणतात, त्याने पात्यावरचा चिकटा निघतो एवढंच, धार हवी तर धारवाल्याकडेच द्या.

दुकानात गेल्यावर आयएसआय मार्क आणि आयएस 4250, म्हणजे मिक्सरसाठीच्या भारतीय मानकाचा नंबर, बघा, मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, तांब्याचं आहे का विचारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गावात याचा कपलर, वायसर, बुश, झाकण सुटं मिळतं का हे विचारा. मोटरची पाच वर्षं वॉरंटी मोठ्या अक्षरात असते, पण घरात जे झिजतं ते भांडं, वायसर, कपलर, कार्बन ब्रश बहुतेक वेळा त्यात येतच नाही. ज्यूसरच्या जोडणीसाठी जादा पैसे देऊ नका, दोनदा वापरून जाळी घासायचा कंटाळा येतो, मोसंबीला हाताचं रसयंत्र चांगलं.

बहिणीचं म्हणाल तर इथलं मशीन पाठवू नका. आपल्याकडे 230 व्होल्ट, अमेरिकेत 120, तिथे ते अर्धमेल्यासारखं फिरेल आणि ट्रान्सफॉर्मर लावायचा तर 1000 वॅटच्या मशीनला दीड-दोन हजार वॅटचा लागेल, तो मिक्सरपेक्षा जड. भारतीय कंपन्यांचे 110 व्होल्टचे मिक्सर तिथल्या भारतीय दुकानात आणि ऑनलाइन मिळतात, तिला तिथेच घेऊ द्या. इंग्लंडमध्ये असती तर तिथेही 230 असल्याने फक्त प्लग बदलून चाललं असतं.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच, परत करायची मुदत संपायच्या आत, तिन्ही भांड्यांत पाणी भरून फिरवून खालून गळतंय का बघा, छोट्या भांड्यात चारच पाकळ्या लसूण आणि दोन मिरच्या वाटून बघा, एकदा पाव किलोची कणीक करा. बिल आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच काउंटरवर मारून घ्या, आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, थर्मल कागदावरची बिलाची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात.